मांडलिकाची मर्जी

नव्या सुती दोरीला एक वास असतो. धान्याच्या रिकाम्या पोत्याला असतो तसा, कोरडा आणि नाकात जरा खुपणारा. आज सकाळी आमच्या घोडबंदर रोडवरच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेम्पोतून नव्या दोऱ्या ओवलेले ढोल उतरवले जात होते. संध्याकाळी गणपतीच्या आगमनाची मिरवणूक निघायची होती. मी ऑफिसला जायला म्हणून खाली आलो तो त्या वासापाशीच थबकलो. मग चौघापाचजणांनी ढोल नीट ताणलेत का ते बघायला एक ठेका धरला. दोन लांब, तीन तुटक, आणि मध्ये एक मोकळी जागा, जिथे ऐकणाऱ्याचा श्वास क्षणभर अडकतो. हा ठेका ज्याने बसवला तो माझा मित्र ठाकुर्लीत राहतो. मी सहज विचारलं, हा कुणाचा ठेका? एका मुलीने अदबीने सांगितलं, "काका, हा आपल्या पथकाचा जुना ठेका आहे. पहिल्यापासूनचा." मी बरं म्हणालो. तो पहिल्यापासूनचा नाही, हे सांगायचा अधिकार सगळ्यात कमी मलाच आहे.

ही गोष्ट एका कॉम्प्युटर गेमपासून सुरू होते, आणि कुणाला ते पोरकट वाटलं तर वाटो. आम्ही दोघं तेव्हा नुकते नोकरीला लागलो होतो. रविवारी दुपारी जेवण आटोपून मी त्याच्या घरी जायचो. त्याची आई आतल्या खोलीत आडवी झालेली असायची, म्हणून आम्ही दबक्या आवाजात बोलत जुनी राज्यं चालवायचो. पडद्यावर जगाचा नकाशा, त्यावर शेकडो राज्यांचे शेकडो रंग आणि एका सिंहासनावर आम्ही दोघं राजे. लढाया त्याच्याकडे. सैन्य कुठल्या खिंडीतून न्यायचं, माघार कधी घ्यायची, यात तो असा रमायचा की मी शेजारी बसलोय हेसुद्धा विसरायचा. मला लढाईचा कंटाळा. माझ्याकडे वकिली, तह आणि सोयरिकी. खरं सांगायचं तर आमचं राज्य वाढलं ते माझ्या खात्यामुळे.

त्या खेळातली मांडलिकीची रीत मला अजून तोंडपाठ आहे. एखाद्या चिमुकल्या राज्याला शेजारच्या धटिंगणाची भीती वाटत असते. आपण वकील पाठवायचा, नजराणे द्यायचे, त्यांच्या घराण्याशी सोयरीक जुळवायची, त्या धटिंगणाला डोळे वटारून दाखवायचे. एक दिवस ते राज्य आपणहून आपलं मांडलिक होतं. त्याचा राजा राहतो, झेंडा राहतो, नकाशावरचा रंगही राहतो. आपल्या प्रत्येक लढाईत ते आपली पाचपन्नास माणसं घेऊन धावून येतं. अशी दहा वर्षं गेली की पडद्याच्या कोपऱ्यात एक बटण उजळतं, विलीन करा. पण त्यालाही एक अट असते. प्रत्येक राज्याच्या नावापुढे त्याची आपल्यावरची मर्जी आकड्यात दाखवलेली असते आणि ती अगदी वरच्या टोकाला असावी लागते. रुसलेला मांडलिक विलीन होत नाही. संशयी मांडलिकही होत नाही. ज्याचा आपल्यावर पुरता विश्वास बसलाय, त्यालाच तेवढं गिळता येतं. हा नियम ज्याने कुणी लिहिला, त्याला माणसं चांगलीच कळली होती.

आमचा असा एक मांडलिक होता. नकाशावर बोटाच्या पेराएवढं, हळदीच्या रंगाचं राज्य. आमच्या सगळ्या लढायांत ते न चुकता आलं होतं. दोनदा त्याचं सैन्य पार संपलं, तरी तिसऱ्यांदा आलं. त्याची दहा वर्षं भरली आणि बटण उजळलं, तेव्हा मित्राने माउसवर हात ठेवला. म्हणाला, "राहू दे रे त्याला. त्याने काय घोडं मारलंय आपलं?" मी बरं म्हटलं. मग नेहमीप्रमाणे तो थर्मास घेऊन खालच्या टपरीवरून चहा आणायला गेला. चपलांचा आवाज जिन्यावरून खाली जाईपर्यंत मी थांबलो आणि बटण दाबलं. तो परत आला तेव्हा हळदीचा रंग पुसून तिथे आमचा तांबडा रंग चढत होता. त्याने बघितलं, कपात चहा ओतला आणि हसून म्हणाला, "साला, तू लई हरामी आहेस." मीही हसलो. मला ते कौतुकच वाटलं होतं.

पुढे त्याने ठाकुर्लीत ढोल-ताशा पथक काढलं. तीस ढोल, आठ ताशे, मळकट हळदी रंगाचे कुर्ते आणि त्याच्या आईने शिवलेला झेंडा. रेल्वेच्या जुन्या वसाहतीमागच्या मैदानात त्यांचा सराव चालायचा. तो ठेका त्याने तिथेच बसवला, मांडीवर बोटं आपटत, तीन पावसाळे. मी तोवर वर्तकनगरला राहायला गेलो होतो आणि ठाण्यातल्या एका दांडग्या पथकात वाजवता वाजवता तिथला कारभारी होऊन बसलो होतो. मला वाजवता यथातथाच यायचं, पण माणसं जोडता यायची. मग मित्राच्या पथकाला वाईट दिवस आले. सरावाच्या मैदानाला पत्रे लागले, टॉवर उभा राहणार होता. कल्याणचं एक मोठं पथक त्याची वाजवणारी पोरं एकेक करून ओढायला लागलं. तो माझ्याकडे आला नाही. मीच गेलो. म्हटलं, आमच्याशी संलग्न हो. नाव तुझं, झेंडा तुझा, कुर्ता तुझा, फक्त मोठ्या मिरवणुकीत आपण एकत्र उभं राहायचं. त्याचा चेहरा असा खुलला की मला स्वतःचाच अभिमान वाटला.

त्यानंतरची वर्षं मी पुन्हा पुन्हा उलगडून बघतो, तरी मला उत्तर सापडत नाही. त्याच्या ताशेवाल्यांना मी पहिल्या रांगेचा मान दिला. कल्याणच्या मिरवणुकीत त्यांच्यावर कुणी आवाज चढवला, तेव्हा मी मध्ये पडलो. त्याची आई गेली तेव्हा तेराही दिवस मी त्याच्या घरी होतो, झेंड्याची उसवलेली शिवण मी स्वतः दुरुस्त करून आणली. यातलं प्रेमाने किती केलं आणि मर्जी वाढावी म्हणून किती केलं? करताना मला सगळंच प्रेम वाटत होतं. पण मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात तो आकडा चढत होता आणि मला तो दिसत होता, हेही खोटं नाही. आपल्याच चांगुलपणावर विश्वास उरू नये, याच्याइतकी कडू गोष्ट मी दुसरी चाखलेली नाही.

एका वर्षी आमच्या पथकाने ठरवायचं घेतलं की यापुढे एक नाव, एक झेंडा, एक कुर्ता. बैठक कधी घ्यायची ते माझ्या हातात होतं. मी रविवार ठरवला आणि त्याच रविवारी मित्राला ढोलाच्या तोंडावर चढवायची पानं बघायला कल्याणला पाठवलं. तूच जा, तुझ्यासारखी पारख कुणाला नाही, असं म्हणालो. ते खरंही होतं. बैठकीत त्याच्या मुलांनीही हात वर केले, कारण मोठ्या पथकाचा कुर्ता कुणाला नको असतो? संध्याकाळी तो पानांची चळत खांद्यावर घेऊन आला. मी सगळं समजावून सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "झेंड्याचं काय?" मी म्हणालो, आपल्या कपाटात जपून ठेवू. त्याने पानं भिंतीला नीट टेकवून ठेवली आणि मान डोलावली. त्या वर्षी तो तिसऱ्या रांगेत आमचा तांबडा कुर्ता घालून वाजवायला उभा राहिला. पुढच्या वर्षी आला नाही.

त्या खेळात गिळलेलं राज्य लगेच मरत नाही. नकाशाखाली त्याचा हक्क कितीतरी वर्षं जिवंत असतो आणि सम्राट जरा दुबळा झाला की तिथे बंड उभं राहतं. मी त्या बंडाची वाट पाहिली. तो भांडेल, पोरं परत नेईल, निदान चारचौघांत मला चार शिव्या घालेल. त्याने काही केलं नाही. भेटलाच तर हसायचा, तब्येत विचारायचा. मलाच हळूहळू ते हसणं सोसेना, मग मी पथकही सोडलं आणि इकडे राहायला आलो. भ्याडपणाला मी कामाचा व्याप असं नाव दिलं.

आज आमच्या त्याच पथकाकडून तो ठेका ऐकला आणि ऑफिसला न जाता मी ठाकुर्ली गाठली. दार त्यानेच उघडलं. कॉम्प्युटर नवा होता, खुर्ची तीच. मी म्हणालो, आमच्याकडे तुझा ठेका वाजतोय. तो म्हणाला, "मधली जागा सोडतात का नीट?" सोडतात, मी म्हणालो. मग जे सांगायला आलो होतो ते एका दमात सांगून टाकलं, की त्या दिवशी मी तुला मुद्दाम कल्याणला पाठवलं होतं.

"माहितीये," तो शांतपणे म्हणाला. "त्या हळदीच्या राज्याच्या वेळीही मी चहाच आणायला गेलेलो."

काहीतरी करायचं म्हणून मी म्हटलं, चहा घेऊया का? तो जागचा हलला नाही. म्हणाला, "तुला हवा असेल तर तू आण. मी आता या खुर्चीवरून उठत नाही."

थर्मास कुठे असतो ते मला विचारावं लागलं नाही. खाली उतरलो. टपरीच्या जागी मोबाइलचं दुकान झालं होतं, म्हणून चहासाठी स्टेशनपर्यंत चालत जावं लागलं. जिना चढताना वाटलं, दार बंद असेल, आणि खोटं कशाला बोलू, ते बंद असावं असंही वाटलं. ते उघडंच होतं. मी दोन कप भरले, एक त्याच्यापुढे ठेवला. वीस वर्षांत आम्ही एकमेकांशी काय काय बोललो असू, शिव्या तर किती दिल्या असतील. माणसांच्या नावापुढे घसरलेला मर्जीचा आकडा दिसत नाही, असं मी आजवर समजत होतो. त्याने कप उचलला आणि, परक्या माणसाला म्हणावं तसं, मला थँक्यू म्हटलं.