चौथ्या मजल्यावरचे तीन ठसे

आधीच सांगते, आमच्या घरात लिंबू फक्त सरबतासाठी येतं. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, रियाधच्या एका हॉस्पिटलात चौदा वर्षं काचेवरचे नमुने बघतेय. जे दिसलं ते लिहायचं, जे नाही दिसलं ते लिहायचं नाही, आणि ज्याचा अर्थ लागत नाही त्यावर सही करायची नाही. या पानावर लोकांचे अनुभव वाचताना मी बऱ्याचदा हसले आहे. आता माझी पाळी... तुम्ही हसलात तरी चालेल.

आम्ही चौघं. मी, नवरा प्रशांत जो बँकेत आहे, अकरा वर्षांची इरा, आणि भारतातून व्हिजिट व्हिसावर आलेले माझे सासरे. प्रशांत परतवाड्याचा, त्यामुळे त्यांच्याकडच्या पद्धतीने मी सासऱ्यांना मामाजी म्हणते. मामाजींचं नाव श्यामराव, ते वनरक्षक होते. सगळी नोकरी मेळघाटात, सगळी पायी.

खरं सांगायचं तर हे मी पूर्वी लोकांना सांगायचे नाही. आमच्या मराठी ग्रुपमध्ये कुणाचे वडील बँक मॅनेजर, कुणाचे प्राचार्य. मी म्हणायचे, "ते फॉरेस्टमध्ये होते," आणि विषय बदलायचे. समोरच्याला काय वाटायचं असेल ते वाटू द्यायचे. आज त्याची लाज वाटते.

प्रशांतचं एक स्वप्न होतं. बाबांनी आयुष्यभर जंगल चालून काढलं, एकदा त्यांना गादीच्या खुर्चीत बसवून जंगल दाखवायचं. म्हणून त्याने बारा दिवसांची सफारी ठरवली. केनिया, टांझानिया, झांबिया आणि शेवटी बोट्सवाना. छोटी विमानं, तंबूत पलंग आणि गरम पाण्याचा शॉवर, प्रत्येक ठिकाणी स्वतःचा गाइड. मला रजा मिळाली नाही, तेव्हा ते तिघं जाणार होते.

अडलं ते यलो फीवरच्या लसीवर. मामाजींना संधिवाताच्या गोळ्या चालू आहेत, त्या गोळ्यांवर ही लस देता येत नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. सूट दिल्याचं पत्र मिळालं असतं, पण चार देशांच्या सीमा, कोण कुठे अडवेल याचा नेम नाही. मग ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले, लस न टोचताच कार्डावर शिक्का मिळेल, मी बघतो. प्रशांतचा चेहरा उजळला. मामाजींनी हातातला चहा खाली ठेवला.

"टोचल्याबिगर शिक्का? मंग म्या अख्खी नोकरी लोकायचे परवाने काहून तपासले?"

विषय तिथेच खलास. प्रशांत सगळं रद्द करायला निघाला तर त्याच्यावरच चिडले. "पोरीले दाखव. म्या लय पाह्यलं."

म्हणून बापलेक गेले आणि आम्ही सासरे-सून रियाधमध्ये राहिलो. ग्रुपमधल्या एका बाई मला म्हणाल्या, "बिचारे, एवढ्या लांब येऊन घरातच बसले." मामाजी बिचारे वगैरे काही नव्हते. त्यांनी माझ्याकडून सफारीचा कार्यक्रम मोठ्या अक्षरात छापून घेतला आणि एक वही केली. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर इरा काय पाहिलं ते सांगायची, आणि यांचे प्रश्न सुरू... माती कशी होती, वारा कुठून होता, हत्ती आला तेव्हा माकडं ओरडली का. इरा गाइडला विचारून यायची. त्यांचा टांझानियातला गाइड जोसेफ एकदा स्वतःच स्क्रीनवर आला आणि म्हणाला, "युअर ग्रँडफादर आस्क्स द राइट क्वेश्चन्स." इराने भाषांतर करून सांगितलं. मामाजींनी फक्त मान हलवली, पण त्या रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

त्याच आठवड्यात इथे गुबार आला. गुबार म्हणजे धुळीचं वादळ. आकाश पिवळं होतं, शाळा ऑनलाइन जातात, आणि दारं कितीही बंद केली तरी दातांखाली कचकच. आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. बाल्कनीला कबुतरांसाठी जाळी लावलेली, कठड्यापासून छतापर्यंत. वादळानंतर तिथे पिठासारखी बारीक धूळ साचली होती. मी बादली-फडकं घेऊन निघाले तर मामाजी आडवे आले.

"एवढा तुकडा राहू दे."

बाल्कनीच्या मधोमध हात-दीड हात रुंद पट्टा त्यांनी तळहाताने सपाट केला. जंगलात वाटेवर असे मऊ मातीचे पट्टे करून ठेवतात म्हणे, जाणाऱ्या जनावराचा ठसा नीट उमटावा म्हणून. मला वाटलं, माणूस एकटा पडलाय, जुन्या सवयीत मन रमवतोय, रमवू दे. बाकीची बाल्कनी पुसून घेतली.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. दुपारी पुन्हा वारा सुटला. मी बाल्कनीचं दार लावलं, कडी घातली, खालच्या फटीत ओला टॉवेल सारला. दार लावताना तो पट्टा मी पाहिला होता. कोरा होता. हे मी ठामपणे लिहितेय. मग आम्ही दोघं जेवलो. पिठलं-भात होता. मामाजी टेबलावरून उठले नाहीत, मीही नाही. चारच्या सुमारास वारा पडला म्हणून मी टॉवेल काढला आणि दार उघडलं.

पट्ट्यावर तीन ठसे होते. भिंतीकडून कठड्याकडे जाणारे, एका रेषेत.

मांजर, हा माझा पहिला विचार. इथे मांजरं खूप. पण ठसा जवळजवळ माझ्या तळहाताएवढा होता. मामाजींना हाक मारली. ते आले, चप्पल बाहेर काढून उकिडवे बसले. मग बोट न लावता वरून दाखवत गेले.

"बिबट हाय. बोटं निमुळती, मंजे मादी. हा मागचा डावा पाय पाह्य, एक बोट उमटलंच नाही. लंगडते. अन् घाईत नाही, दबकून चालून राह्यली." मग मागे सरकून म्हणाले, "लंगडं जनावर हरणाच्या मागं धावत नाही. लहान पाह्यते. हळू चालणारं पाह्यते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "प्रशांतले फोन लाव. पोरीले तंबूतच राहू देजो म्हना. आत्ता."

मी हातात फोन घेऊन उभी राहिले. लावला नाही. लावून काय सांगणार होते? की रियाधच्या बाल्कनीत बिबट्या येऊन गेला, म्हणून टांझानियात इराला सांभाळ? मी म्हटलं, "मामाजी, इथल्या ठशाचा आणि त्यांचा काय संबंध?"

"थे मले नाही माहीत. ठसा माहीत हाय." मग अगदी शांतपणे म्हणाले, "तू काचेवर पेशंटचं रगत पाह्यतं, तवा पेशंट तुह्या समोर असते काय?"

मी फोन लावला.

प्रशांतने लगेच उचलला. जेवणाच्या तंबूजवळच वायफाय चालायचं आणि तो तिथेच चहा घेत होता. "इरा कुठेय?" "आमच्या तंबूत. दुर्बीण घेऊन येईल आता." दिवसा तिथे मुलं एकटी ये-जा करायची, अंधार पडल्यावरच सोबत देत. मी म्हटलं, "मामाजी म्हणतात लंगडी बिबट्या मादी आहे, इराला बाहेर येऊ देऊ नकोस."

मी तयारीत होते की तो हसेल. त्याने एवढंच विचारलं, "बाबांनी सांगितलं?" मी हो म्हटलं, आणि खुर्ची पडल्याचा आवाज आला. त्याने दुसरा एकही प्रश्न विचारला नाही. मी विचारले होते, त्यांच्या मुलाने विचारले नाहीत. हे मला अजून टोचतं.

पुढची नऊ मिनिटं मी घड्याळाकडे बघत होते. मामाजी काय करत होते? आमच्या लग्नाच्या फोटोची फ्रेम उघडून काच काढत होते. वारा परत सुटला तर ठसे जातील म्हणून. काच दोन बाजूंना पुस्तकांवर टेकवून मागच्या डाव्या पायाच्या ठशाच्या वर धरली आणि माझ्या मार्करने एकेक रेघ काढू लागले. मला रागच आला त्या क्षणी. नात तिकडे आणि हे इथे चित्र काढतात. मग माझ्या लक्षात आलं. एकेक रेघ संपली की ते माझ्या हातातल्या फोनकडे बघत होते.

फोन आला. पलीकडे इराचा आवाज. "मम्मा, आय ॲम फाइन. पण तो इतका क्लोज होता..."

मग प्रशांतने सांगितलं. जोसेफने जीप थेट पायवाटेवर घातली होती. तंबूपासून बारा पावलांवर, वाटेच्या कडेच्या झुडपात बिबट्या मादी बसलेली होती. इरा आतून तंबूची चेन उघडत होती, अर्धी उघडली होती. जोसेफने हॉर्न दाबून धरला तेव्हा मादी उठली आणि लंगडत निघून गेली. डावा मागचा पाय.

नंतर जोसेफने विचारलं, तुम्हाला कळवलं कुणी? प्रशांत म्हणाला, माझ्या वडिलांनी. ते कुठे आहेत? रियाधला. जोसेफ हसला, मग प्रशांतचा चेहरा बघून हसायचा थांबला.

मामाजींना मी सगळं सांगितलं. ते आतल्या खोलीत गेले, दार लोटलं, आणि थोड्या वेळाने डोळे धुऊन बाहेर आले. संध्याकाळी त्यांनी वहीत पंचनामा लिहिला, खात्यात लिहितात तसा. जागा, वेळ, ठशांची संख्या, लांबी-रुंदी. शेवटी माझ्यापुढे ठेवला. पंच म्हणून माझी सही हवी होती.

मी पेन घेतलं नाही. "तुमच्या समाधानासाठी करते हवं तर..."

"समाधानासाठी नको करू. पटलं तं कर." त्यांनी वही मिटून ठेवली. मी खूप विचार केला. ठसे यांनीच काढले असतील, असाही विचार केला, तोही लिहिते. पण दार मी बंद केलं होतं, आणि आम्ही एकत्र जेवत होतो.

पाच दिवसांनी दोघं परत आले. प्रशांतच्या सामानात एक पारदर्शक प्लास्टिकचं झाकण होतं. लहानपणी वडिलांकडून शिकला होता तसा, त्याने झुडपाजवळचा तिच्या मागच्या डाव्या पायाचा ठसा त्या झाकणावर उतरवून घेतला होता. बाल्कनीचा ठसा त्याने तोवर पाहिलेला नव्हता, मी मुद्दाम फोटो पाठवला नव्हता. जेवणाच्या टेबलावर मी फ्रेमची ती काच पुन्हा पुस्तकांवर टेकवली, झाकण तिच्यावर ठेवलं आणि खालून टॉर्च धरला. तीन बोटं, चौथ्याची जागा रिकामी. पंजाच्या मागच्या गादीच्या उजव्या कडेला एक छोटी खाच. दोन्हीकडे. भिंग घेऊन मी सगळ्या कडा पाहिल्या, लॅबमध्ये पाहते तशाच. रेघ रेघेवर बसत होती.

इरा म्हणाली, "आजोबा, हाऊ?"

"मले काय माहीत, बाई," मामाजी म्हणाले आणि ताटातलं लोणचं संपवायला लागले.

मी वही मागितली. पंचनाम्यात सगळे रकाने भरलेले होते. शेवटच्या रकान्यात, कारण या शब्दापुढे त्यांच्या सुवाच्य अक्षरात होतं, 'कळून आले नाही.' अर्थ न लागलेल्या कागदावर मी आयुष्यात पहिल्यांदा सही केली. हॉस्पिटलचं पद लिहिलं नाही. पंचाची ओळख द्यायची असते, तिथे लिहिलं, 'श्यामराव वनरक्षक यांची सून.'