वैरणीच्या खोलीतला खोकला

मामीचा फोन आला तेव्हा मी खंडाळ्याजवळच्या आमच्या पशुवैद्यकीय कॉलेजात होते. "तुझं मामा गेलं," ती म्हणाली. रडत नव्हती. मग जरा थांबून तिनं विचारलं, "तुला ठाऊक हुतं, व्हय?" मी फोन ठेवला.

तासगावबाहेरच्या एका छोट्या प्राणिबागेत मामा चितळं सांभाळायचे. पाचगणीच्या बोर्डिंगमधून सुट्टीला आले की मी त्यांच्याकडेच असे, कारण त्यांच्याजवळ बोलावं लागत नसे. बेदाण्याच्या शेडवरून टाकाऊ बेदाणा आणून ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत. डबा खुळखुळला की कळप कुंपणाशी धावत यायचा. मामा आधी एक दाणा स्वतःच्या तोंडात टाकायचे. "आंबट असला तर प्वाट बिघडंल त्यांचं." मग तळहात पुढे. चितळं तो चाटून स्वच्छ करायची, आणि त्याच हातानं मामा पुन्हा डब्यातून दाणे काढून मला द्यायचे.

गेल्या हिवाळ्यात आक्का नावाची म्हातारी मादी कळपाच्या मागे राहू लागली. बरगड्या दिसत होत्या, केस राठ झाले होते. "हरीण दुखणं दावत न्हाई गं," मामा म्हणाले, "दावलं की संपलं." थंडी लागू नये म्हणून त्यांनी तिला वैरणीच्या खोलीत घेतलं, सोबतीला आई नसलेली दोन पाडसं ठेवली आणि खिडकीला पोती ठोकली. दुपारभर स्वतःही तिथंच बसायचे. आक्का खोकायची. कोंडलेल्या हवेत असा खोकला काय करतो, हे मी त्याच वर्षी शिकले होते. दारातून हळूच म्हटलं, "मामा, खिडकी उघडूया?"

"डाक्टरीणबाई, थंडी आक्काला वाजती, तुमच्या पुस्तकाला न्हाई."

मी हसले. खिडकी बंदच राहिली.

आठवड्यात आक्का मेली. बागेच्या जनावरांच्या डॉक्टरांनी तिला उघडलं तेव्हा फुप्फुसात घट्ट दह्यासारख्या पिवळट गाठी होत्या. "क्षय दिसतोय," ते म्हणाले. "जवळ असणाऱ्यांनी तपासून घ्या." मामा तोंड फिरवून खोकले. ते फक्त मला ऐकू आलं.

बागेतून घरी येताना मी विषय काढला. "घेतो की तपासून," मामा म्हणाले. "पर घरात बोलू नगंस. मला क्षय निघाला तर ह्या जित्राबांपाशी कोण फिरकू दील?" मी मान डोलावली. गप्प राहणं मला कधीच अवघड गेलेलं नाही. पुढे फोनवर विचारलं की ते म्हणत, "आलो जाऊन." आणि खोकत. ते गेलेच नव्हते. मामीनं त्यांना सांगलीला नेलं तोवर दोन्ही फुप्फुसं गेली होती, त्यात साखर. औषधं होती, पण उशिरा सुरू झाली. आक्काकडून मामांना लागण झाली, की मामांकडून आक्काला? जंतूचा प्रकार कळेल, सांगलीचे डॉक्टर म्हणाले, कुणाकडून कुणाला ते कदाचित कधीच नाही.

मागच्या आठवड्यात मी बागेत गेले. फाटकावर प्रवेशबंदीचा फलक होता. नव्या राखणदारानं मला मामांची भाची म्हणून आत सोडलं. खोलीच्या खिडकीला पोती तशीच होती. तोंडाला मास्क बांधून मी ती ओढून काढली. फळीवर डबा होता. उचलताना तळाशी वाळलेले चार दाणे खुळखुळले, आणि बाहेर सगळ्या कळपाचे कान उभे राहिले. चितळं कुंपणाशी धावत आली… दोन सोडून. ती दोन पाडसं मागे, एकमेकांना टेकून, केस राठ.

तिथूनच मी बागेच्या डॉक्टरांना फोन लावला. मग मामीला.

"ठाऊक होतं," मी म्हणाले.