अकरा नळ्यांची अँटेना

ईशान आणि मीरा,

गेल्या रविवारी तुम्ही फोनवर म्हणालात, "आजी, आई सांगत होती तुझ्याकडे अँटेनाची वही आहे. शेवटच्या पानाचा फोटो पाठव ना, आम्ही गॅरेजमध्ये बनवतो." मी "बघते" म्हटलं आणि विषय बदलला. फोटो पाठवला नाही. त्या पानावरची आकृती माझ्या हातची आहे, मापं मिलिमीटरपर्यंत लिहिली आहेत, खाली माझी सही आहे, आणि ते पान खोटं आहे. तुम्ही त्यावरून नळ्या कापायला बसण्याआधी हे तुम्हाला सांगायला हवं. ज्यांनी ती अँटेना बनवली ते काशिनाथ म्हात्रे मागच्या महिन्यात अंजूरला, त्यांच्या गावी, वारले. ते होते तोवर हे सांगायचं काम त्यांचं आहे असं मी धरून बसले होते.

काशिनाथ आमच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. मी इंग्रजी शिकवत असे. त्यांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते शाळेत नाही, धामणकर नाक्यावर. भंगारवाल्याच्या दुकानासमोर ते उकिडवे बसले होते. ॲल्युमिनियमची एकेक नळी कानाशी धरायचे, नखानं वाजवायचे आणि बाजूला ठेवायचे. मागे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, यांना पत्ता नाही. मला पाहून म्हणाले, "टीचर, ही ऐका. आतून चिरलेली हाय, म्हणून बोलत न्हाय." मी ऐकली. मला काही फरक कळला नाही, पण मी मान हलवली.

तेव्हा तुमची आई पाचवीत होती. शाळेला एक टीव्ही मिळाला होता. सकाळी मुलांसाठी इंग्रजीचा एक कार्यक्रम लागायचा आणि आमच्या मुलांच्या कानावर चांगलं इंग्रजी पडावं ही माझी फार इच्छा होती. अडचण एकच, चित्र दिसत नसे. शाळेच्या चारही बाजूंना लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग. मोटारी सुरू झाल्या की पडद्यावर नुसत्या मुंग्या. शुक्रवारी लूम बंद असत, त्या दिवशी बोलणाऱ्या बाईचे ओठ तरी हलताना दिसत. मी म्हटलं, शुक्रवारी दाखवू. काशिनाथांना ते अपमानास्पद वाटलं. "शुक्रवारचं चित्र हे काय चित्र हाय, टीचर? लूम चालू असताना दिसेल ते चित्र."

मग आम्ही दोघांनी अँटेना बनवायला घेतली. ते गच्चीवर, मी खाली प्रयोगशाळेत टीव्हीसमोर वही घेऊन. वरून आवाज यायचा, "बोला!" मी खिडकीतून ओरडून तीनपैकी एक शब्द सांगायचा: मुंग्या, अंधुक, स्पष्ट. चौथा शब्द चालणार नाही, हे मीच ठरवलेलं. दिवसाला एकच बदल, हे त्यांनी ठरवलेलं. सुतारासारखे ते सूत मोजत. "आज फक्त एक सूत मागं घेतलीय," म्हणत, आणि मी त्याचे मिलिमीटर करून लिहीत असे. सुरुवात चार नळ्यांपासून झाली, मग सहा, आठ. पोटमाळ्यावरच्या जुन्या बांबूपासून सायकलच्या रिंगपर्यंत त्यांनी सगळं लावून पाहिलं. एकदा वहीत सलग अठरा दिवस "मुंग्या" आलं. अठराव्या दिवशी खाली आले, डबा उघडला आणि भाजलेला निवटा, खाडीतला मासा, माझ्यापुढे धरला. मी नको म्हटलं. "तुम्हां शाकाहारी लोकांचं जगणंच अंधुक," म्हणाले आणि एकटेच पोटभर हसले.

शाळेमागच्या गल्लीपलीकडे रफिकभाईंचे लूम होते, वर त्यांचंच चार मजली घर. ते गॅलरीतून रोज मजा बघत. "मॅडम, लूम बंद करवा दूँ क्या? आपका पिक्चर साफ, मेरा चूल्हा ठंडा!" काशिनाथ गच्चीवरून उत्तर देत, "चालू रखो सेठ, सब चालू रखो! बंद में तो कोई भी पकडेगा!"

आणि एका मंगळवारी, सगळे लूम धडधडत असताना, मी प्रयोगशाळेत शिरले तर पडद्यावर त्या बाईच्या साडीच्या काठावरच्या रेघा मोजता येत होत्या. अकरा नळ्यांची अँटेना वर चढवून दोन दिवस झाले होते. मी ओरडले नाही, किंचाळले. "स्पष्ट! काशिनाथ, स्पष्ट!" वर्ग सोडून मुलं धावत आली. मी पेढे मागवले. वहीत तो शब्द मी पहिल्यांदाच लिहिला. काशिनाथ दारात उभे होते, कपाळावर घाम. मला वाटलं आनंदानं असेल.

पुढे महिनाभर मी रोज "स्पष्ट" लिहिलं. मग आकृतीची नीट प्रत काढली, सही केली आणि पहिली प्रत पाठवली सुलभाला. सुलभा माझी बीएडपासूनची मैत्रीण, अंबाडीच्या शाळेत गणित शिकवायची. तिच्या शाळेतही टीव्ही होता आणि चित्र नव्हतं. तिनं स्वतः नळ्या आणल्या, स्वतः कापल्या. दिसलं नाही. दुसऱ्यांदा कापल्या, नाही. तिसऱ्यांदा. तिनं कळवलं, "कुमुद, मापात काहीतरी चूक असावी. तुझी नक्की चालते ना?"

मला राग आला. माझ्या वहीत चूक? मी तिला लिहिलं की अंबाडीला तर लूमही नाहीत, तिथे चालायलाच हवी. माप हे माप असतं, स्वयंपाकातल्या चिमटीसारखं अंदाजानं घ्यायचं नसतं. आणि तुझा कामाचा अघळपघळपणा मला कॉलेजपासून माहीत आहे. काशिनाथ त्या दिवशी पुतणीच्या स्थळासाठी अंबाडीकडे जाणार होते. मी त्यांना ते पत्र वाचून दाखवलं, विचारलं, "फार कडक झालं का?" ते म्हणाले, "तुम्हांला ठीक वाटतं ना, टीचर?" पाकीट खिशात घातलं आणि नेऊन दिलं. सुलभाचं उत्तर आलं नाही.

तीन महिन्यांनी विज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. काशिनाथ पुतणीच्या लग्नासाठी रजेवर होते आणि ॲसिडच्या कपाटाची किल्ली त्यांच्या करदोट्याला, म्हणजे अंजूरला. टीव्हीची वायर या कपाटातून का नेली, असं मी पूर्वी विचारलं होतं. "उंदीर, टीचर. बाहेरून नेली तर कुरतडतात," असं उत्तर मिळालं होतं. शिपायानं कुलूप तोडलं. बाटल्या काढताना मागे दोन वायरी दिसल्या. एक गच्चीवरून, आमच्या अँटेनाकडून आलेली. ती कपाटात येऊन तिथेच संपली होती. टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली, कशालाही जोडलेली नाही. दुसरी टीव्हीला जोडलेली, ती झरोक्यातून बाहेर गेली होती. गल्लीवर शंभर वायरी लोंबत असतात, त्यात ही एक. मी गल्लीत जाऊन नजरेनं तिचा माग काढला. ती रफिकभाईंच्या चौथ्या मजल्यावर, उंच खांबाला लावलेल्या दुकानातल्या तयार अँटेनाला जाऊन मिळत होती.

रफिकभाई गॅलरीत होते. मी वर पाहिलं तर ते म्हणाले, "अरे, म्हात्रेजीने बताया नहीं आपको अब तक?" मला वाटतं, त्या गल्लीत माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं.

काशिनाथ परतले त्या दिवशी मी काही विचारायच्या आधीच त्यांनी तुटलेलं कुलूप पाहिलं. स्टुलावर बसले.

"एकदाच जोडली होती, टीचर. सेटच खराब हाय का ते बघायला. तेवढ्यात तुम्ही आलात. ओरडलात, पोरं आली, पेढे आले. मला तोंड उघडायला वेळच दिलात न्हाय."

"नंतर कित्येक महिने वेळ होता."

"रोज उद्या सांगू म्हणायचो. तुम्ही 'मुंग्या' लिहायला लागलात की मला जेवण जायचं न्हाय. 'स्पष्ट' लिहिताना तुमचा चेहरा बघून..."

"आणि सुलभाचं पत्र? आत काय आहे ठाऊक होतं ना?"

"तुम्हीच वाचून दाखवलं होतं."

"तरी दिलंत."

"हो," ते म्हणाले. "दाराशी दोनदा मागं फिरलो होतो."

त्यांना वाटलं असेल की त्या दोनदा मागे फिरण्याचं मला काही वाटेल. मला नाही वाटलं. खोट्या चित्राची मी कदाचित चेष्टाही केली असती, वर्षभरानं का होईना. पण माझी मैत्रीण खोटी ठरत असताना हा माणूस ती चिठ्ठी खिशात घालून सोळा मैल गेला आणि पोचती करून आला. त्यानंतर पाच वर्षं आम्ही एकाच शाळेत होतो. ते "टीचर" म्हणून हाक मारायचे, मी कामापुरतं उत्तर द्यायचे. पुढे त्यांची अंजूरची जमीन गोदामांसाठी विकली गेली, पैसा आला आणि त्यांनी नोकरी सोडली. निरोपसमारंभाला मी हार घातला आणि जागेवर जाऊन बसले.

अंबाडीला मी कपाटाचं कुलूप तुटलं त्याच आठवड्यात गेले होते. सुलभानं नळ्या मागच्या अंगणात दुधीच्या मांडवाला बांधल्या होत्या. मी सगळं सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "अँटेनाचं राहू दे गं. मी गणित शिकवते, कुमुद. मला मोजता येत नाही असं तू लिहिलंस. त्यांनी तुला फसवलं हे खरं, पण पत्र तू लिहिलंस. मी विचारलं होतं, नक्की चालते ना म्हणून. वर जाऊन एकदा वायर तरी ओढून बघायचीस." मग तिनं चहा केला. जाताना दारापर्यंत आली, पण रिक्षापर्यंत आली नाही. पूर्वी येत असे.

तेव्हाच मी ते पान खोडायला हवं होतं. नाही खोडलं. माझ्या वहीत खाडाखोड नसते असा माझा तोरा होता, आणि खोडलं तर वही बघणाऱ्या प्रत्येकाला मी कशी फसले ते सांगावं लागलं असतं. आज सकाळी त्यावर तिरपी रेघ मारली आणि बाजूला कारण लिहिलं. तुम्हाला फोटो हवा असेल तर आता पाठवते. अँटेना बनवायचीच असेल तर सहा नळ्यांची बनवा, तिची पानं मी पाठवीन. चित्र अंधुक येतं आणि तसंच लिहिलेलं आहे. तुमच्याकडचे चॅनेल वेगळे, तेव्हा मापं तुम्हाला नव्यानं काढावी लागतील. आणि वायर कुठून कुठे जाते ते स्वतः बघा.

काशिनाथ गेल्याचं मी सुलभाला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "वाईट माणूस नव्हता." ती अजून अंबाडीलाच असते. दर दिवाळीला आम्ही फोनवर बोलतो, पंधरा मिनिटं, प्रकृतीबद्दल आणि नातवंडांबद्दल. तेवढी मैत्री उरली आहे.

तुमची आजी