तांदळाची पिशवी आणि शेवटचा ओंडका

मेधाचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडात थर्मामीटर होता. "गेला रे..." एवढंच ती म्हणाली. कोण, हे विचारायची गरज नव्हती. विनायक, तिचा नवरा आणि माझा पुण्यापासूनचा मित्र, बरेच दिवस हॉस्पिटलात होता. मला थर्मामीटर काढायचंही सुचेना. नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनमध्ये आमची घरं सायकलने पाच मिनिटांवर, पण मीही कोरोना पॉझिटिव्ह होतो. खांदा देणं राहिलंच, अंत्यविधीसुद्धा लॅपटॉपवर पाहिला. मध्येच चित्र अडकलं आणि मी वेड्यासारखा रिफ्रेश करत बसलो.

विनायक म्हणजे काडीपैलवान. ऑफिसात केसापेक्षा बारीक मापांचं काम करणारा हा माणूस कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात एक जुना, बागेत गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर घेऊन आला, तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. गावाबाहेर यान नावाच्या एका म्हाताऱ्याचं छोटंसं जंगल आहे. वादळात पडलेली झाडं जो ओढून नेईल त्याची, असं यानने त्याला सांगितलं होतं. "अरे, तुझ्या घरात साधी शेगडी नाही. ही लाकडं काय फोडणीला टाकणार?" मी विचारलं. तो साखळी सोडवत होता. म्हणाला, "आमच्याकडे कुणी गेलं की चितेला घरटी एक लाकूड नेतात. बाबांच्या वेळी अख्ख्या गावाने नेलं रे... मुलाचंच राहिलं." त्याचे वडील महिन्याभरापूर्वी गेले होते. विमानं बंद होती. देवरुखजवळच्या त्या गावातली चिता त्याने फोनवर पाहिली होती. त्यानंतर मी चेष्टा केली नाही, दर शनिवारी त्याच्याबरोबर जायला लागलो.

पहिल्याच दिवशी आम्ही दोघा इंजिनियरांनी साखळी सीटच्या मागे उंचावर बांधली. ओढ बसताच ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत! लांबून यान ओरडला, "खाली! खाली बांधा!" मग आम्ही शहाणे झालो. साखळी खालच्या हुकाला, ओंडक्याचं तोंड मातीत रुतू नये म्हणून त्याखाली मुलांची बर्फावरची जुनी घसरगाडी, विनायक सीटवर आणि मी ओंडक्यापाशी. सीटखाली एक स्विच होता. सीटवर माणूस नसेल तर इंजिन बंद पडायचं. विनायकचं वजन ते काय! खड्ड्यात जरा उडाला की ट्रॅक्टर ठप्प. "तो स्विच काढून टाक ना," मी वैतागायचो. "सुरक्षेच्या गोष्टी काढायच्या नसतात," तो ऐकवायचा. पुढच्या शनिवारी पठ्ठ्या वीस किलो बासमतीची पिशवी घेऊन हजर. वजन वाढवायचं, पण अन्नावर बसायचं नाही, म्हणून ती मांडीवर! तासाभरात मेधाचा फोन आला, "तांदूळ कुठे नेलास? भात कशाचा लावू?" जंगलात आम्ही दोघं गडाबडा लोळायचे बाकी होतो.

शेवटचा ओंडका ओकचा होता, अवजड. पुढच्या जानेवारीत पावसाने चिखल झाला होता, चाकं जागच्या जागी फिरत होती. "थंडी वाजतेय रे," विनायक म्हणाला. "पुढच्या शनिवारी काढू." ओंडका तिथेच टाकून, ट्रॅक्टरवर ताडपत्री घालून आम्ही परतलो... पुढच्या शनिवारी तो हॉस्पिटलात होता.

काही आठवड्यांनी मेधाने मला बोलावलं. पक्ष्यांची घरटी बांधायची वेळ जवळ आली होती, त्यानंतर यान जंगलात यंत्र आणू देत नाही. "तेवढा एक घेऊन ये," ती म्हणाली. "त्याचा जीव अडकला असेल त्यात." मी नाही कसं म्हणणार? एवढ्या दिवसांत मला त्याच्यासाठी करता येण्याजोगी ही पहिलीच गोष्ट होती.

मी एकटाच गेलो. माझं वजन भरपूर, त्यामुळे मी बसताच इंजिन सुरळीत चाललं. ओंडका जरा हलला आणि साखळी सरकली. ती आवळायला खाली उतरलो, तर इंजिन बंद. पुन्हा बसलो, चालू केलं, उतरलो, बंद. इंजिन थांबलं की ओढ सुटायची आणि साखळी परत ढिली पडायची. बसायला एक आणि बांधायला एक, असं दोघांचंच ते काम होतं. शेवटी मी त्या चिखलात बसून रडलो. घरी लॅपटॉपसमोर आलं नव्हतं ते सगळं रडू तिथे आलं.

तांदळाची पिशवी ताडपत्रीखाली, पाय ठेवायच्या जागी तशीच पडून होती. तळाला ओल लागून कुबट वास येत होता. मी ती उचलून सीटवर ठेवली, इंजिन सुरू केलं आणि लांब झालो. इंजिन चालूच राहिलं. साखळी आवळून मान वर केली, तर इंजिनाबरोबर पिशवी सीटवर हळूहळू हलत होती.

संध्याकाळपर्यंत ओंडका मेधाच्या अंगणात पोचला. तिने त्यावर नुसता हात ठेवला. सीटवर कुणीतरी बसलंय, असं ट्रॅक्टरने वीस किलो तांदळावर मानून घेतलं. मेधाला आणि मला ते जमत नाही.