सहा चालींवर अडलेला डाव

अजून तो कागद हातात घेतला की माझं डोकं फिरतं. औरंगाबादेत, शाळांच्या बुद्धिबळ स्पर्धेत मी जिंकलेला एक डाव त्यावर आहे, एकूण एक चाल माझ्याच अक्षरात. खाली हरलेल्या पोराची सही. पोरगं शहरातलं, शिकवणीला जाणारं. मी देवगाव रंगारीची. मला शिकवलं अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. शेरडं राखताना फडक्यावर कोळशानं घरं आखून ते खेळायचे.

अण्णांचा खेळ देशी. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. स्पर्धेत ते दोन घरं सरकवता येतं हे मला ठाऊक होतं, पण हाताला वळण एकाच घराचं. पहिल्या सहा चालींत मी पाच प्यादी एकेक घर सरकवली. तरी एकोणचाळिसाव्या चालीला त्याचा वजीर मारला आणि गडी सही करून उठला.

शेवटी आम्हा दोघांचे गुण सारखे झाले. पुण्याला पुढच्या फेरीला जायला जागा एकच. डावांचे कागद बघून स्पर्धेचे पंच असलेले सर ठरवणार होते. त्यांनी आमचाच डाव पटावर लावायला घेतला. सहा चाली झाल्या आणि हसायलाच लागले. "ही काय सुरुवात आहे? घोडे कोंडले, उंट कोंडले!"

अहो, पुढं तर बघा! तेहतीस चाली बाकी होत्या. पण नाय. सोंगट्या गोळा करून डब्यात भरल्या. "त्याची सुरुवात शास्त्रशुद्ध आहे," म्हणाले आणि त्या हरलेल्याचं नाव लिहिलं.

"सर, पण जिंकलं कोण?"

"ते नशीब गं. पाया महत्त्वाचा."

नशीब म्हणे! तीन तास मान मोडून बसले ते नशीब?

एवढ्यात गावाकडून एस.टी.नं आलेले अण्णा दारात दिसले. सरांनी त्यांनाच धरलं, "काय हो, हे असलं शिकवता पोरीला?" आता अण्णा यांना चांगलं झापणार, असं मला वाटलं. गावात कुणाचं ऐकून घेणारा माणूस नव्हे तो. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, हात जोडले. "सायब, पोरीची काय चूक नाय. मीच उलटं शिकवलं. माफी करा."

परतीच्या गाडीत मी त्यांच्यावर ओरडलेच. "अण्णा, तो डाव मी जिंकला होता!"

त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"जिंकली व्हतीस? मंग मी माफी कशाची मागितली गं?"