भज्जी किती माणसांची?

येळवस आठ दिवसांवर आली होती आणि अक्कांनी बारा घरांना शब्द देऊन टाकला होता: या आठवडी बाजाराला पावटा, तूर, हरभरा काही न्यायचं नाही, शेंगा रानातच राहू द्यायच्या. शब्द अक्कांचा होता, पण त्यामागचा भरवसा माझ्या फोनचा होता.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्या गावी शेती बघतात, मी नळदुर्गात स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान चालवते. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमच्याकडं घरात चूल पेटत नाही म्हटलं तरी चालेल. सगळं घर रानात. कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, ताकातली आंबिल, बाजरीचे उंडे, आणि भज्जी. ही तळलेली भजी नव्हेत. रानात त्या दिवसांत जे जे ओलं मिळतं, पावटा, तुरीचे दाणे, हरभरा, वाटाणा, गाजर, बोरं, चिंच, पालेभाज्या, ते सगळं एका भांड्यात शिजवून बेसन लावलेली दाट भाजी. खायला स्वर्ग, सोलायला दोन दिवस. नोकरी करणाऱ्या बायकांना ते दोन दिवस कुठून मिळणार? म्हणून मी अक्कांना सुचवलं, तुम्ही बायका सोला, मी विकते.

"विकणार कशी?" अक्कांनी विचारलं.

"माझ्या फोनात अर्धं नळदुर्ग हाय, अक्का. एक बोट दाबलं की सगळ्यांना कळतंय."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

हे मी उगाच म्हटलं नव्हतं. झेरॉक्सच्या दुकानाचा फोन म्हणजे खजिना असतो. पाटीवर नंबर लिहिलेला. लोक त्यावर आधार, सातबारा, परीक्षेचे फॉर्म पाठवतात, आम्ही छापून देतो. मी व्यवस्थित बाई आहे. प्रत्येक नंबर नावानिशी जपलेला. व्हॉट्सॲपवर त्या सगळ्यांची एक ब्रॉडकास्ट यादी केली, शेंगांच्या टोपलीचा छान फोटो काढला आणि मजकूर लिहिला: 'सर्व ग्राहकांना कळविण्यात येते की, वेळ अमावस्येनिमित्त सोललेल्या शेंगभाज्या वाजवी दरात उपलब्ध होतील. इच्छुकांनी संपर्क साधावा.' तीनदा वाचला. एक वेलांटी सुधारली. अकरा वाजता पाठवला आणि वहीत 'मेसेज पाठवणे' यासमोर बरोबरची खूण केली.

दुपारपर्यंत खुणा बघत बसले. बहुतेकांसमोर एकच टिक. दुसरी येईचना. जी काही उत्तरं आली ती अशी: 'सातबारा निघाला का?' 'ताई, कालचा फॉर्म रंगीत काढा.' 'चुकून आलं का?' आणि एकाचं, 'मी पुण्यात असतो. माझा नंबर काढा.' त्याचा तेवढ्याच तत्परतेनं काढला. भज्जी मागणारं एकही उत्तर नाही.

उलगडा संध्याकाळी झाला. प्राथमिक शाळेतल्या एक बाई प्रश्नपत्रिका छापायला येतात. दर महिन्याला येतात, बोलक्या आहेत. मी विचारलं, "बाई, माझा मेसेज आला का?"

"कुठला?" त्यांनी फोन काढून बघितला. काही नव्हतं. मग स्वतःच हसल्या. "अहो, तुमचा नंबर मी सेव्ह कुठं केलाय! पाटीवर बघते, फाइल सोडते, काम झालं."

डोक्यात लख्ख उजेड पडला. समोरच्यानं आपला नंबर जपून ठेवला असेल तरच ब्रॉडकास्ट त्याच्यापर्यंत जातं. माझ्याकडं सगळ्यांचे नंबर होते. माझा नंबर जवळजवळ कुणाकडंच नव्हता.

त्याच दिवशी बाजारही होऊन गेला होता. अक्कांचा फोन आला. "बाया इचारायल्यात. काय सांगू?"

"दोन दिवस द्या, अक्का."

"मी देईन गं. पावटा देतंय का बघ. दाणा निबर झाला की कोण घेतंय? माझ्या तोंडाकडं बघून बारा घरं थांबल्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं त्या स्वतःच आल्या. काउंटरमागच्या स्टुलावर बसल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "वाच बघू, काय पाठिवलंतंस."

मी वाचून दाखवलं.

"ही पाणीपट्टीची नोटीस हाय का गं?" अक्का म्हणाल्या. "शेंगभाज्या म्हणं! घरात कुणी म्हणतंय का असं? आन् पाठिवलं कुणाला?"

"ज्यांनी कागद छापून घेतले त्यांना."

"सातबारावाल्यांना! ते बाप्ये पावटा सोलायला बसणार हायत व्हय?"

लागलं, पण खरं होतं. माझ्या फोनातली बहुतेक नावं पुरुषांची. कागद पुरुष छापून घेतात, भज्जीचं सामान बायका ठरवतात, आणि मी माझी सगळी शिस्त चुकीच्या दाराशी ओतली होती. शिवाय त्या माणसांनी मला नंबर दिला होता कागदासाठी. भाजीसाठी कुणी मला विचारा म्हटलं होतं?

मी वहीचं नवं पान उघडलं. फोनातली जुनी यादी पुसून टाकली. पुसताना हात जरा जड झाला, एवढं मान्य करते. नव्या पानावर रकाने तीन. पहिला: नाव आणि नंबर, ज्याचं त्यानं स्वतः लिहायचं. दुसरा, ऑर्डर आली की भरायचा: किती माणसं जेवणार. किलो नाही, माणसं. ही अक्कांची सूचना, कारण येळवशीला पाव्हणे मोजतात, वजन कोण मोजतंय? तिसरा रकाना माझा: फोन हातात कधी असतो?

काउंटरवर वही ठेवली आणि येईल त्या बाईला विचारायला लागले. भज्जीचं सामान हवंय का? हवं असेल तर इथं लिहा, आणि आमचा नंबर आत्ता, माझ्यासमोर, सेव्ह करा. शाळेच्या बाईंनी पहिलं नाव लिहिलं, आणि मला फोनात 'भज्जीवाली ताई' म्हणून ठेवलं. इतकी वर्षं दुकान चालवतेय, पहिल्यांदा माझ्यासमोर कुणाच्या फोनात माझं नाव गेलं!

तिसरा रकाना भरताना काय मजा आली सांगू! "मधल्या सुट्टीत," असं शाळेच्या बाई. "पोरगी शाळेतून यायच्या आत, ती आली की फोन तिचा," असं एक आई. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, "डबा खाताना." आणि एक वहिनी इकडं तिकडं बघून हळूच म्हणाल्या, "ह्ये आंघोळीला गेले की." मी तेही जसंच्या तसं लिहून घेतलं. अकराचा मेसेज पोचला असता तरी कुणाच्या हातात पडला असता, ते आता कळलं.

दोन दिवसांत दोनच पानं भरली; तोवर अक्का माझ्याकडंच मुक्कामाला होत्या. जुन्या यादीच्या मानानं चिमूटभर. पण ही सगळी माणसं विचारून आलेली होती.

आता मजकूर. मी पेन उचललं तशा अक्का म्हणाल्या, "लिहू नको. बोल."

"मग तुम्हीच बोला की."

मी फोन पुढं धरला. अक्का पदर सारखा करून उभ्या राहिल्या आणि ग्रामसभेत बोलल्यासारखं सुरू केलं, "नमस्कार, मी सर्व महिला भगिनींना…" पुसून टाकलं. तेवढ्यात नर्सबाई काहीतरी छापायला आल्या. मी म्हटलं, "अक्का, फोनला नका सांगू. ह्यांना सांगा. मी भरून घेते."

आणि अक्का नर्सबाईंकडं वळल्या. "अगं बाई, येळवशीच्या आदल्या दिशी डूटी करून येणार, मग सोलणार कवा? गाडीवर बसून? आमी सोलून देताव. पावटा, तूर, हरभरा, वाटाणा, समदं आमच्याच रानातलं, सकाळी तोडल्यालं. तू फकस्त किती माणसं जेवणार तेवढं सांग. आन् न्हाय लागत तर न्हाय म्हण, मी काय रुसत न्हाय."

नर्सबाई हसून म्हणाल्या, "सहा माणसं!"

मी पुन्हा ऐकवलं. अक्का कानाशी फोन धरून म्हणाल्या, "ह्यो माझा आवाज व्हय? लई घोगरा हाय की!"

"असाच पाठवू?"

"पाठीव. मला काय लग्नाला उभं ऱ्हायचंय?"

या वेळी सगळ्यांना एकदम नाही पाठवला. तिसऱ्या रकान्याप्रमाणे वाटून पाठवला. मधल्या सुट्टीला शाळेच्या बाई, डब्याच्या वेळी दवाखाना, मुलं यायच्या आत आया. आंघोळवाल्या वहिनींची वेळ सकाळची, म्हणून त्यांचा दुसऱ्या दिवशी. दुपारी पाठवताक्षणी दोन टिका. मग त्या निळ्या. मग फोन वाजायला लागला तो थांबेचना! 'सात.' 'बारा, पाव्हणे हायत.' 'पाच, पण पावटा जास्त टाका.' कुणी मजकूर लिहिला नाही, नुसते आकडे. आणि एक आवाज: "मावशी, रुसू नका हं, आमचं गावाकडनं येतंय." अक्कांनी तो चारदा ऐकला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

संध्याकाळी ओळखीचे नसलेले नंबर सुरू झाले. शाळेच्या बाईंनी अक्कांचा आवाज सगळ्या स्टाफला पुढं पाठवला होता, स्टाफनं बहिणींना, बहिणींनी नणंदांना. कुणी कुणी तर आधी नंबर सेव्ह केला आणि मग कळवलं. मी लिहितेय, अक्का बोटांवर मोजतायत, दुकानात झेरॉक्स कोण काढतंय याचा पत्ता नाही. एका नव्या नंबरावरून विचारणा आली: 'भज्जीवाल्या ताई, तुमच्याकडं झेरॉक्स पण निघतं का?'

दुसऱ्या दिवशी वहिनींचं 'आठ' आलं आणि अक्कांनी हात वर केला. "बंद कर. बारा घरांच्या शेंगा संपल्या." मी लगेच स्टेटसवर लिहिलं, 'भज्जीच्या ऑर्डरी भरल्या. आता आणखी पुरवता येणार नाही.' देता येत नसेल तर तेही तेवढ्याच जोरात सांगायचं, हे मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं.

येळवशीच्या आदल्या दिवशी पहाटे दव असतानाच शेंगा तोडल्या. अक्कांच्या अंगणात बारा घरच्या बायका गोल बसल्या आणि सोललेल्या दाण्यांचे हिरवे ढीग वाढत गेले. मी वहीतून ओरडायची, "सात!" की सात माणसांची पिशवी बांधली जायची, वर चिठ्ठी. बाजाराच्या दिवशी सगळ्यात जास्त कुरकुरलेली बाई आता सगळ्यात भरभर सोलत होती.

"काय गं," अक्कांनी तिला डिवचलं, "बाजारात शेंगांची पाटी घेऊन बसायचं ऱ्हायलं तुझं."

"ऱ्हाऊ द्या की," ती म्हणाली. "तिथं ऊन खाल्लं असतं, हितं चहा पेलाव."

पाच वाजेपर्यंत दुकानातून शेवटची पिशवी गेली. तेव्हा लक्षात आलं, आमच्याच घरची नोंद केली नव्हती. अक्कांनी पदराखालून एक पिशवी काढून काउंटरवर ठेवली.

येळवशीला रानात पूजा झाली, आंबिल शिंपडून झाली. भज्जीचं भांडं उघडतोय तोच बांधावरून तीच बाई आली. "अक्का, पुढल्या साली पावटा किती लावू? अंदाज सांगा."

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. वही दुकानात होती.

"यादी बघून सांगते," मी म्हटलं.

"यादी कशाला? त्यास्नीच इचारताव." त्यांनी माझा फोन ओढून घेतला आणि तोंडाशी धरला. या वेळी समोर कुणाला उभं करावं लागलं नाही. "अगं बायांनो, भज्जी कशी झालती? आन् पुढल्या साली किती माणसं?"

मी तो आवाज लगेच सोडला नाही. त्या वेळी सगळं नळदुर्ग कुठल्या ना कुठल्या रानात पानावर बसलेलं, फोन कुणाच्या हातात असणार? जेवणं झाली, उरलेले उंडे झाकून झाले, बायका कोपीच्या सावलीत टेकल्या असतील असा अंदाज घेतला आणि मग पाठवला. रेंजची एकच काडी होती. दोन टिका यायला वेळ लागला, पण आल्या.

पहिलं उत्तर नर्सबाईंचं. 'मावशी, या वर्षी सहा होतो, पुढच्या वर्षी दहा.'

अक्का उठून बांधावर गेल्या आणि पलीकडच्या रानाकडं तोंड करून ओरडल्या, "ए, दोन सऱ्या जास्ती लाव गं!"