प्रशिक गजभियेचा पीसी घ्यायचा विचार

प्रशिक गजभियेला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो बादली घेत होता. म्हणजे घेत नव्हता. दुकानाबाहेर दोन बादल्या पुढ्यात ठेवून उभा होता आणि दुकानदार त्याचा नाद सोडून दुसऱ्या गिऱ्हाइकाचं सामान बांधत होता. मी उमरेडहून नागपुरात नुकताच नोकरीला लागलो होतो, वैशालीनगरात भाड्याची खोली शोधत फिरत होतो. तिथे तोच एक रिकामा दिसला म्हणून त्यालाच विचारलं.

"आमच्याच घरी वरची खोली खाली आहे," तो म्हणाला. "पण आधी सांग, निळी का हिरवी?"

मी हिरवी म्हटलं. त्यावर त्याने दोन्ही बादल्या सोडल्या आणि मला घर दाखवायला नेलं. खोली मला मिळाली. बादली पुढे त्याच्या आईने आणली, लाल.

असा हा माणूस पोटापाण्यासाठी मात्र लोकांना निवड करायला लावतो. सीताबर्डीतल्या एका चष्म्याच्या दुकानात तो डोळे तपासतो. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड फ्रेम ठेवायची, एक काच घालायची, काढायची, दुसरी घालायची आणि विचारायचं, "आता बरं दिसते का मघाशी बरं दिसत होतं?" एखादे काका अडखळले की हा म्हणतो, "पटकन सांगा, जास्त विचार नका करू." मी एकदा त्याच्या दुकानात बसून हे ऐकलं आणि मला खोकल्याचं निमित्त करून बाहेर यावं लागलं.

या माणसाने मागच्या उन्हाळ्यात टीव्हीवर गेम खेळायचा कन्सोल सोडून पीसीवर जायचं मनात घेतलं.

घरातली परिस्थिती सांगतो. समोरच्या खोलीत टीव्ही, टीव्हीखाली प्रशिकचा कन्सोल आणि खिडकीत कूलर. उन्हाळ्यात अख्खं घर त्याच खोलीत येऊन पडतं, कारण बाकीच्या खोल्यांमध्ये माणूस फक्त कपडे बदलायला जाऊ शकतो. वडील दादाजी रेल्वेतून रिटायर झालेले. आई तुळसाबाई. धाकटी बहीण पिंकी नर्सिंग करते आणि फुटबॉलच्या गेममध्ये कोणाचंही नाक कापते. संध्याकाळी मॅच लावायची आणि हरेल त्याने उठून कूलरच्या टाकीत पाणी टाकायचं, हा दादाजींचा नियम. त्यांनी स्वतः कंट्रोलर कधी हातात धरला नाही, पण रेफरी तेच. खेळातलं ऑफसाइड त्यांना पटलं नाही तर ते मशीनचंही ऐकत नाहीत. तुळसाबाई गाड्यांची रेस खेळतात. वळण आलं की कंट्रोलर हलत नाही, त्या स्वतः वळतात. शेजारी बसलेल्याला कोपर लागतं. मी भाडेकरू, संध्याकाळी 'सहज' खाली येतो. सहज म्हणजे कूलरसाठी.

तर साहिल, प्रशिकचा शाळेपासूनचा मित्र, बंगलोरला निघाला होता. त्याचा गेमिंगचा पीसी त्याला इथेच विकायचा होता. तो प्रशिकला ओळखतो, म्हणून म्हणाला, "आठ दिवस घरी नेऊन ठेव. वापरून पाह्य. पटला त घे, नाही त मी दुसऱ्याले देतो." प्रशिकने तेवढ्यात कन्सोललाही गिऱ्हाईक पाहिलं. कामठीचे चंद्रभान, यंत्रमागांची दुरुस्ती करणारे, प्रशिककडूनच चष्मा घेतलेले. त्यांना पुतण्यासाठी कन्सोल हवा होता. ते रविवारी येणार. म्हणजे रविवारपर्यंत प्रशिकला ठरवायचं होतं: पीसी ठेवायचा, तर कन्सोल कामठीला जाणार.

घरात त्याने भाषण दिलं. पीसीवर चित्र किती साफ, गेम सेलमध्ये किती स्वस्त, गेममध्ये आपल्या मनासारखे बदल कसे करता येतात, आणि वर त्यावर अभ्यासही होतो.

"कोणाचा अभ्यास?" पिंकीने विचारलं.

तुळसाबाईंनी भाजी निवडता निवडता विचारलं, "हा आहे तो बिघडला का?"

"नाही."

"मंग?"

"आई, त्याच्यात सेकंदाला फ्रेम जास्त येते."

"चष्म्याच्या दुकानात फ्रेम कमी पडून राहिल्या का तुले?" दादाजी म्हणाले.

पिंकीचा मुद्दा साधा होता. "आतल्या खोलीत टेबलाजवळ एकच खुर्ची बसते. मी कुठं बसू?"

"तू कन्सोल जाईन म्हणून रडून राहिली," प्रशिक म्हणाला.

"मी काहून रडू? पाणी तर तूच टाकतो रोज."

हे खरं होतं, आणि माझ्या मते पीसीचं मूळही तिथेच होतं. रोज संध्याकाळी बहिणीकडून हरायचं, बापाने जाहीर करायचं, आणि भाडेकरूच्या देखत बादल्या वाहायच्या. फ्रेमचं निमित्त चांगलं होतं.

पीसी आला. आतल्या खोलीत लागला. नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यांत तापलेले नऊ दिवस, सुरू होता. त्या खोलीतला पंखा वरची गरम हवा खाली आणून देण्यापलीकडे काही करत नव्हता. पीसीचे स्वतःचे पंखे असे घुमत की बाहेर वाटावं आत कोणी पीठ दळतंय. प्रशिक बनियनवर, गळ्यात ओला टॉवेल, पडद्यासमोर. मी दारातून डोकावलो तर पडद्यावर घोड्यावर बसलेला एक माणूस बर्फातून चालला होता. बर्फ खरंच सुंदर होता. प्रशिकच्या हनुवटीवरून घाम टपकत होता.

"कसं आहे?" मी विचारलं.

"लय भारी. तिथला बर्फ पाहिला का?"

"हाव. तू कसा आहे?"

त्याने टॉवेलने हनुवटी पुसली आणि घोडा पुढे हाकला.

पाच-सहा संध्याकाळी अशा गेल्या. बाहेर पिंकी मला हरवायची, मी पाणी टाकायचो, दादाजी निकाल सांगायचे. मध्येच आतून प्रशिकचा आवाज यायचा, "गोल झाला का? कोणाचा?" कोणी सांगितलं तर ठीक, नाहीतर तो स्वतः दारात येऊन उभा राहायचा, टॉवेलने मान पुसत. कूलरची हवा थोडी घ्यायचा आणि परत जायचा. एकदा त्याने आत काहीतरी मोठी लढाई जिंकली. तो बाहेर येऊन म्हणाला, "मी जिंकलो." तुळसाबाई म्हणाल्या, "जेवून घे मंग."

शनिवारी दुपारी उन्हाने बर्डीत गिऱ्हाईक नव्हतं, मालकाने त्याला लवकर सोडलं. पिंकी ड्यूटीवरून नुकतीच आली होती. दादाजी जिन्याखालच्या गारव्यात झोपले होते, तुळसाबाई कोणाच्या तरी बारशाला गेल्या होत्या, मी वर होतो. पीसी फार तापतो आणि तापला की गेम अडखळतो, ही आठ दिवसांच्या अभ्यासातून निघालेली एकमेव पक्की गोष्ट. मग प्रशिकला उपाय सुचला. त्याने टेबल ओढत समोरच्या खोलीत आणलं, पीसी बरोबर कूलरच्या तोंडासमोर ठेवला आणि हवा थेट आत जावी म्हणून त्याची बाजूची काचही काढली.

"काय करून राहिला दादा?" पिंकीने विचारलं.

"गरम होते ना तो. त्याले थंडं पाहिजे."

"त्याले पाहिजे का तुले?"

"दोघायले."

पिंकी हसून आत हातपाय धुवायला गेली. आता, नागपुरात जन्मलेल्या कोणालाही एक गोष्ट शिकवावी लागत नाही: कूलरला पाणी झिरपायच्या गवताच्या नव्या ताट्या बसवल्या की पहिला दिवस कूलर हवेबरोबर शिंतोडे फेकतो. ताट्या जुन्या व्हाव्या लागतात, गवत दबतं, मग पाणी शिस्तीने खाली उतरतं. तोवर लोक कूलरसमोर खाटसुद्धा टाकत नाहीत. प्रशिकलाही हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की जुन्या ताट्यांवर खाऱ्या पाण्याची पापडी चढली म्हणून दादाजींनी त्याच दिवशी, तो दुकानात असताना, नव्या बसवल्या होत्या.

त्याने कूलर पूर्ण जोरात लावला आणि खेळायला बसला. थोड्या वेळाने त्याच्या हातावर गार थेंब पडले. त्याला बरं वाटलं. मग पडदा काळा झाला आणि पीसीचे सगळे पंखे एकदम थांबले.

मी खाली आलो तेव्हा तो कूलरकडे पाहत उभा होता. पिंकीने कूलर बंद केला होता. पीसीच्या पोटात, हिरव्या पट्टीवर, दव पडावं तसे थेंब बसले होते.

दादाजी उठले, आले, त्यांनी पाहिलं. "ताट्या आजच बदलल्या ना गा," ते म्हणाले. "त्याच्यासमोर कोणी पापड वाळवत नाही, अन् तू हे ठेवलं?"

"मले काय माहीत बदलल्या म्हणून?"

"गवताचा वास नाही आला?"

प्रशिक खाली बसला. "साहिलचा आहे तो," एवढंच म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "आता सांगू त्याले का उद्या चालू करून पाहू अन् मंग सांगू? म्हणजे चालू झाला त सांगायची गरज नाही. पण नाही झाला त मंग म्हणन आधी काहून नाही सांगतलं. पण आता सांगतलं अन् चालू झाला त..."

पिंकीने त्याचा फोन उचलला, साहिलला लावला आणि भावाच्या कानाला धरला.

साहिलने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वायर काढ. चालू करू नको, पुसू नको, फक्त वाळू दे. उद्या संध्याकाळी येतो मी."

वाळवायला जागा शोधायची गरज पडली नाही. माझ्या खोलीवर थेट गच्ची. स्लॅब तापून खोलीची भट्टी होते; आत मे महिन्यात ओला टॉवेल दोरीवर टाकेपर्यंत वाळतो. पीसी माझ्या खाटेवर गेला आणि मी खाली कूलरजवळ. या अपघातात कोणाचा फायदा झाला असेल तर तो माझा, पण चेहरा मी दुःखी ठेवला.

रविवारी सकाळी चंद्रभान आले. कामठीहून भरलेल्या ऑटोत दाटीवाटीने आलेले, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, चष्मा घामाने घसरलेला. तुळसाबाईंनी पन्हं दिलं. प्रशिकचा चेहरा दोन दिवस उपाशी माणसासारखा होता. वर पीसी जिवंत आहे की गेला, कोणालाच माहीत नव्हतं, आणि खाली कन्सोल न्यायला माणूस येऊन बसला होता.

"चालून राहिला ना?" चंद्रभानांनी विचारलं. "एक डाव दाखवा. न्याच्या आधी पाहून घेतो."

दाखवायचा म्हणून प्रशिकने एक कंट्रोलर घेतला, दुसरा पिंकीने. आठवडाभर तो या जागी बसला नव्हता. पहिलाच सोपा गोल त्याने गोलकीपरच्या हातात मारला.

"दिवसभर लोकायचे डोळे तपासतो," पिंकी म्हणाली, "अन् एवढा मोठा माणूस नाही दिसला तुले?"

"गप वं. ऊन लागलं मले."

"घरात?"

मग पिंकीने गोल केला. प्रशिक ऑफसाइड म्हणाला. दादाजी नाही म्हणाले. प्रशिकने बापाला बेइमान म्हटलं, दादाजींनी त्याला मॅचबाहेर काढायची धमकी दिली. चंद्रभान पन्ह्याचा ग्लास हातात धरून पुढे सरकले आणि प्रशिकला सांगू लागले, "इकडून मार ना भाऊ, इकडून मोकळं आहे." प्रशिकने इकडून मारला. गोल झाला. त्याने पिंकीच्या तोंडासमोर टाळ्या वाजवल्या, पिंकीने त्याला उशी मारली, तुळसाबाई दोघांना मिळून एक शिवी देऊन गेल्या.

मॅच संपली. चंद्रभान समाधानाने मागे टेकले. "चांगला आहे. डब्बा असन याचा?"

तुळसाबाईंनी डबा आणून ठेवला. प्रशिक टीव्हीजवळ गेला, वाकला, मागची वायर हातात धरली. मी मनात म्हटलं, आता हा विचारणार: आज देऊ का पुढच्या आठवड्यात? किंवा, एक कंट्रोलर ठेवून देऊ का? तो तसाच वाकून राहिला. मग सरळ झाला.

"चंद्रभानभाऊ," तो म्हणाला, "मी नाही देत."

त्याला एवढं लहान वाक्य बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. घरच्यांनीही नसावं, कारण सगळे त्याच्याकडे पाहायला लागले.

"काहून गा?" शेवटी दादाजींनी विचारलं. "तुझा तो वर मेला म्हणून?"

"तो जिवंत राहिला तरी नाही देत." प्रशिक वायरकडे पाहून बोलत होता. "आठवडाभर तिकडे जिंकलो बाबा. कोणी शिवी नाही दिली."

तुळसाबाईंना लाज वाटली. "भाऊ उन्हातून आले ना रे."

चंद्रभानांनी दुपट्ट्याने चष्मा पुसला, नाकावर ठेवला. मग म्हणाले, "ताई, खरं सांगू का? बरं झालं. पुतण्या-गितण्या काही नाही. मलेच पाहिजे होता. बायकोले सांगतलंच नाही अजून, ऑटोत पूर्ण रस्ता विचार करून राहिलो होतो का नेल्यावर काय सांगू." एवढं बोलून त्यांनी पन्हं आणखी मागितलं. जेवूनच गेले, आणि जायच्या आधी दादाजींच्या परवानगीने एक डाव खेळले.

संध्याकाळी साहिल आला. सगळे माझ्या खोलीत जमले. तुळसाबाई दारात, दादाजी जिन्यावर. साहिलने आत टॉर्च मारून पाहिलं, एका बारीक ब्रशने खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग झाडले, वायर लावली. प्रशिक भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बटण दाबलं आणि पिठाची चक्की सुरू झाली. साहिलने गेम लावला; पडद्यावर तोच घोडा, तोच बर्फ.

प्रशिकने भिंतीवरच कपाळ टेकलं. गरम लागलं तसं लगेच काढलं.

"चालू आहे," साहिल म्हणाला. "काही नाही झालं. मंग, ठेवतो का?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मंग फोनवर सांगायचं ना बे सरळ," साहिल म्हणाला. "पाण्यात घालून सांगायची काय गरज होती?"

आधी दादाजी हसले, जिन्यावरून. मग सगळेच. प्रशिक सर्वांत शेवटी हसला, पण सर्वांत जास्त वेळ.

पीसी साहिलच्या गाडीवर बांधायचा होता, पण बाहेर अजून झळा होत्या, म्हणून सगळे खाली आले. साहिलच्या हातात कंट्रोलर आला. तो कीबोर्डवर वाढलेला. त्याचा खेळाडू मैदानाबाहेर धावत सुटला. प्रशिक त्याच्या शेजारी मांडी घालून बसला आणि जोरजोरात चुकीचे सल्ले द्यायला लागला. साहिल ते सगळे मानत होता.